खुणांची नावं

"चालतंय ना? मग हात लावू नकोस," हितेशने सांगून टाकलं. हितेश डिंपलचा चुलतभाऊ. मंचरला कापडदुकानाच्या माडीवर दोघांनी मराठी लिहायचा एडिटर बनवला होता, आणि त्यातला बराचसा कोड त्याचा. आपल्या कोडवर माणसाचा जीव असतो, पण म्हणून घाण तशीच ठेवायची?

अडलं होतं हर्षालीचं. कळंबच्या भिमाजींची ही लेक, डिंपलची मैत्रीण. तिला दिसत नाही. काना, मात्रा, वेलांटी, कर्सर ज्या खुणेवर जाईल तिचं नाव एडिटर बोलायचा, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीतलं लांबलचक इंग्रजी नाव. त्यातून हर्षालीला काही उमगत नसे. नारायणगावच्या छापखान्यात टायपिंगची नोकरी मिळत होती, पण आपलं लिखाण आपणच तपासायचं, ही अट. चाचणी सोमवारी होती.

"वर मराठी यादी चिकटव आणि मोकळी हो, डिंपल."

"कुठे चिकटवू, भैया? कर्सर वेगळीकडे नाव विचारतो, शोध वेगळीकडे, खोडणं तिसरीकडे. एक सुधारलं की दुसरं इंग्रजी बोलणार."

तिने ते सगळं उपटून टाकलं. ज्याला नाव हवं त्याने एकाच ठिकाणी विचारायचं: आधी मराठी यादी, तिथे नसेल तर इंग्रजी. आणि खोडायला गेलं की एडिटर गपकन बंद! "तरी सांगत होतो," हितेश म्हणाला. डिंपलला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. दिवस मावळायच्या आत जेव म्हणून आई हाका मारत होती. चार घास ढकलून ती पुन्हा बसली. शेवटी चोर सापडला. जुना कोड आधी अक्षर खोडायचा, मग त्याचं नाव विचारायचा. नसलेल्याचं नाव कोण सांगणार? तिने क्रम बदलला.

रविवारी हर्षाली आली. कर्सर मागे नेला तशी एडिटर म्हणाला, "ऱ्हस्व इकार."

"असं कोण बोलतं राव? आमच्या मॅडम पहिली वेलांटी म्हणायच्या."

डिंपलने यादीत एकदाच बदललं. कर्सर, शोध, खोडणं, सगळीकडे वेलांटी आली.

हर्षाली उतारा टाइप करत सुटली. पडद्यावर एक चूक डिंपलला लख्ख दिसली. तिला राहवेना. "अगं, ते वरच्या ओळीत..."

"तू गप बस गं," हर्षाली म्हणाली. "मला ऐकू दे."