वेस रॅटलिफच्या नावावरचा काळा ठिपका

भिंतीवर चारशे नावं होती आणि गस हुडाक त्यातलं एकच शोधत होता. ड्राफ्टला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातली नवी पोरं निवडून घ्यायच्या सोहळ्याला, नऊ दिवस उरले होते. टोलीडो आयर्नमेन या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कचेरीतली ही खोली एप्रिलभर कुलपात असते, खिडक्यांना आतून कागद लावलेले असतात आणि झाडणारी बाईसुद्धा कुणाच्या तरी देखत आत येते. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दखल घेण्याजोग्या फुटबॉलपटूच्या नावाची एक चुंबकाची पट्टी फळ्यावर चिकटलेली असते. पट्टी वर सरकली तर पोराचं भलं झालं, खाली घसरली तर त्याचं त्याने बघावं. सात फेऱ्यांत सगळे संघ मिळून अडीचशेएक पोरं उचलतात. बाकीच्यांनी घरी सोफ्यावर बसून न वाजणाऱ्या फोनकडे बघायचं.

वेस रॅटलिफ गार्ड होता. म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं आणि समोरून चाल करून येणारा दीडशे किलोचा माणूस अंगावर घ्यायचा. कुणी टाळ्या वाजवत नाही, पेपरात फोटो येत नाही. आयर्नमेनना गार्ड हवाच होता, कारण मार्चमध्ये त्यांनी आपला नऊ वर्षांचा जुना गार्ड काढून टाकला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाकेही निघाले नव्हते, आणि त्याला ही बातमी दीड मिनिटाच्या फोनवर कळवली गेली. फोन करणारा होता ट्रेंट मॅब्री, संघाचा मॅनेजर. वय अडतीस. एकाही खेडेगावातल्या मैदानावर त्याने कधी चिखल तुडवला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

गसने गार्डांचा रकाना वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग त्याने दाराच्या मागे पाहिलं. तिथे एक छोटा फळा असतो, नको असलेल्यांचा. रॅटलिफ तिथे होता आणि त्याच्या नावावर काळा ठिपका होता. काळा ठिपका म्हणजे वागणुकीत खोट. हा पोरगा शेवटच्या फेरीत फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही.

गसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षं तो या संघाचा स्काऊट होता, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणारा. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगरी रस्ते त्याने स्वतःच्या गाडीने घासले होते, पेट्रोल पंपावरची जळकी कॉफी पिऊन पोट बिघडवलं होतं, आणि इतक्या वर्षांत एखाद्या पोरावर मनापासून पैज लावावी असं त्याला चारदाच वाटलं होतं. रॅटलिफ पाचवा. त्याने ती पट्टी उपटली आणि दहा वाजता सगळे जमले तेव्हा टेबलावर आपटली.

"हे कुणी केलं?"

सात-आठ जणांनी आपापल्या कॉफीत डोकं घातलं. मॅब्रीने शांतपणे कॉम्प्युटर पुढे ओढला. "मी नाही म्हणत गस, रिपोर्ट म्हणतो. 'खेळाची ओढ कितपत आहे, शंका. सराव सोडून निघून जातो.'"

"सोडून जातो! कुठे जातो हे विचारलं का कुणी?" गसचा आवाज चढला. "दर मंगळवारी पहाटे तो पोरगा तीन तास गाडी चालवून घरी जातो, बापाला उचलून गाडीत बसवतो, आणखी दोन तासांवर हॉस्पिटलात नेतो आणि परत आणून सोडतो. एकतीस वर्षं खाणीत गेली त्या माणसाची. छातीत कोळसा भरलाय, नाकात नळी. बुधवारी सकाळी पोरगा मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. मी त्यांच्या घरी जाऊन आलोय. त्याच्या आईच्या हातच्या बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन आलोय. माझा नोव्हेंबरचा रिपोर्ट कुणी वाचला की नाही?"

"वाचला. पण दोन रिपोर्ट वेगळे असले की वाईट तो खरा धरायचा. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा," मॅब्री म्हणाला.

"मग ते लिहिणाऱ्या शहाण्याचं नाव सांग. आत्ताच्या आत्ता. मोटेलच्या खोलीत पाय पसरून लोकांच्या आयुष्यावर काट मारणारा हा कोण दीडशहाणा आहे, मला त्याचं तोंड बघायचंय."

मॅब्रीने मार्गो नेमेथकडे पाहून मान हलवली. मार्गो या कचेरीतले सगळे कागद सांभाळायची. गसच्या आधी दोन वर्षं ती इथे लागली होती. तिने शोधलं, वाचलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गस, जेवणानंतर बघू या का?"

"आत्ता. सगळ्यांसमोर."

"ऐक माझं."

"मार्गो, नाव वाच."

तिने वाचलं नाही. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्या दोन ओळींखाली लिहिलं होतं, ऑगस्ट हुडाक. गसचं कागदोपत्री नाव.

कुणी हसलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. गसला आधी वाटलं की हा कुणाचा तरी डाव आहे. मग हळूहळू त्याला आठवलं, आणि आठवलं ते सगळं खरं होतं.

अठरा संघांचं मिळून एक सामाईक ऑफिस आहे. पुढच्या वर्षी ड्राफ्टला येणाऱ्या पोरांची पहिली पाहणी ते करतं, म्हणजे अठरा माणसांनी एकाच गावात अठरा चकरा मारायला नकोत. प्रत्येक संघ आपला एक स्काऊट तिकडे उसना देतो. गेल्या वर्षी टोलीडोने गसला दिला होता. एका आठवड्यात एकेचाळीस पोरं. रिपोर्टच्या तळाशी एक चौकोन असतो, दोष लिहायचा. तो कोरा ठेवला तर रिपोर्ट परत येतो. नव्या स्काऊटांना गस स्वतः छाती फुगवून सांगायचा, "ज्याला दोष दिसला नाही त्याने नीट पाहिलंच नाही. चौकोन कोरा ठेवायचा नाही." रॅटलिफचा चौकोन त्या संध्याकाळी कोरा होता. पायांचं काम चोख, हात लांब, डोकं ताळ्यावर. मग गसला मैदानावर टॉवेल वाटणाऱ्या माणसाचं बोलणं आठवलं, "मंगळवारी नसतोच तो. कुठे जातो कोण जाणे." गसने तेवढ्यावर दोन ओळी ठोकल्या आणि पुढचं नाव घेतलं. अर्धं मिनिट लागलं असेल. नोव्हेंबरात सत्य कळलं तेव्हा त्याने आपल्या संघाला नवा रिपोर्ट दिला, पण जुनी ओळ आपलीच आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

गसला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. सगळ्या खोलीसमोर त्याने ज्याला शिव्या घातल्या होत्या, तो दीडशहाणा तो स्वतःच होता. आणि ती ओळ एका भिंतीवर नव्हती, अठरा भिंतींवर होती.

बैठक उठल्यावर तो मॅब्रीच्या केबिनमध्ये गेला. बसला नाही.

"चूक माझी आहे. लेखी देतो. ठिपका काढ आणि त्या ऑफिसला आजच्या आज कळव, म्हणजे सगळीकडे दुरुस्ती होईल."

मॅब्रीने उठून दार लावलं. वळला तेव्हा तो हसत होता.

"ठिपका आपण काढू. मनातल्या मनात. फळ्यावर राहू दे."

"म्हणजे?"

"अरे, विचार कर ना. बाकीच्या सतरा जणांकडे तुझी ओळ आहे. त्या ऑफिसात नसलेल्या संघांनी या पोराकडे पाहिलेलंही नाही. त्याला कुणी उचलणार नाही. सातवी फेरी संपली की पाचव्या मिनिटाला आपण त्याच्या घरी फोन करून करार करू. निवडीची एकही संधी खर्च न करता तिसऱ्या फेरीच्या लायकीचा गार्ड मिळतो. तुला तोच हवा होता ना? घे. तू आजवर लिहिलेला सगळ्यात कामाचा रिपोर्ट आहे तो."

हा माणूस चेष्टा करत असेल अशी गसला थोडी आशा होती.

"फोनवर गोळा केलेल्या पोराचं काय होतं, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये कुणाचा पाय लचकला की पहिला तोच बाहेर. त्याच्यात कुणाचं काही गुंतलेलं नसतं. आणि त्याचा बाप, ट्रेंट... टीव्हीवर पोराचं नाव पुकारलेलं ऐकायचंय म्हणून तो माणूस श्वास घेतोय. डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या पुढचं काही सांगितलेलं नाही."

"वाईट वाटतं. खरंच. पण मी हॉस्पिटल नाही चालवत." मॅब्रीने कागद पुढे ओढले. "आणि या खोलीतलं बाहेर बोलणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो. सत्तावीस वर्षं झाली असली तरी. पेन्शन अर्ध्यावर येते तेव्हा, मार्गोला विचार."

"मी तुला सांगतोय, चूक दुरुस्त कर."

"ऐकलं मी. दार लावून घे जाताना."

गसने दार लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर जाताना नदीकाठच्या किराणा दुकानासमोर थांबला, गाडीतच बसून त्याने एक यादी केली आणि पहिला फोन बड टिलरीला लावला. बड बर्मिंगहॅमच्या संघाचा स्काऊट. वीस वर्षं दोघे एकाच मोटेलात उतरत आणि एकमेकांशी खोटं बोलत आलेले.

"केंटकीचा रॅटलिफ," गस म्हणाला. "गार्ड. तुमच्याकडे त्याच्यावर ठिपका असेल. तो काढा. पोरगा सोनं आहे."

पलीकडे बड पोट धरून हसला. "म्हाताऱ्या, लाज वाटू दे जरा! एप्रिलच्या शेवटी आणि गार्डाची तारीफ? आम्ही त्याला घ्यावा आणि तुम्हाला हवा तो मागे उरावा, हेच ना? कुणी शिकवलं, त्या पोरसवद्या मॅनेजरने?"

चूक बडची नव्हती. या महिन्यात या धंद्यात कुणी खरं बोलत नाही. आजारी नसलेल्याला आजारी म्हणायचं, नको असलेल्याला डोक्यावर घ्यायचं, याचेच तर पगार मिळतात. गसने स्वतः बडला तीनदा असं गंडवलं होतं आणि त्यावर फुकटची बिअर प्यायला होता.

"बड, ती ओळ कुणाची आहे बघ. खाली नाव आहे."

पलीकडून कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला.

"तुझं आहे."

"मी ते टॉवेलवाल्याच्या बोलण्यावरून लिहिलं. चौकोन भरायचा होता म्हणून. मी कुणाला विचारलं नाही." गसने त्याला मंगळवारचं सगळं सांगितलं, नाकातल्या नळीसकट. "मी हे लिहून, सही करून तुला पाठवतोय. तुझ्या मॅनेजरला दाखव. वाटलं तर माझ्याही मॅनेजरला दाखव."

बडचं हसू केव्हाच थांबलं होतं. "गस, कागद पाठवलास तर तू संपलास रे. कळतंय ना तुला?"

"तुझा पत्ता बदलला नाहीये ना?"

"नाही."

"मग ठेव फोन. अजून सोळा बाकी आहेत."

ड्राफ्ट सुरू झाला. शनिवारी दुपारी चौथी फेरी चालू होती. खोलीत सँडविचचे कागद पसरले होते. मॅब्री खुशीत होता. त्याने दोन वेळा घड्याळाकडे पाहून गसला डोळा मारला होता. बर्मिंगहॅमची पाळी आली. टीव्हीवरच्या माणसाने पाकीट उघडलं आणि म्हणाला, वेस्ली रॅटलिफ, गार्ड.

पडद्यावर क्षणभर एक छोटं घर दिसलं. भलामोठा पोरगा गुडघ्यांवर बसला होता आणि खुर्चीतल्या माणसाने नाकातली नळी एका हाताने धरून दुसरा हात पोराच्या मानेवर ठेवला होता. मार्गोने चष्मा काढून पुसला.

मॅब्री सावकाश वळला.

"कुणाला फोन केलास?"

"सतरा जणांना," गस म्हणाला. दारामागच्या फळ्यावरची काळ्या ठिपक्याची पट्टी काढून त्याने टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी गळ्यातलं ओळखपत्र ठेवलं. "अठरावा तू होतास. तुला सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं."