बेड वाळेपर्यंत

“मावशी, थांबा. कोरडं फडकं नका लावू.”

मावशींचा हात हवेतच राहिला. अतिदक्षता विभागातला सात नंबरचा बेड त्यांनी नुकताच जंतुनाशकाने पुसला होता, आणि कमरेला खोचलेलं कोरडं फडकं सवयीने हातात आलं होतं. थांबवणारी सिस्टर जंतुसंसर्ग तपासणारी होती. फाइल घेऊन ती सकाळपासून मावशींच्या मागे मागे फिरत होती आणि मावशी मनात म्हणत होत्या, बघ बाई, डोळे भरून बघ.

कारण मावशींच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता. एकवीस वर्षं त्या याच विभागात सफाईला होत्या. त्यांनी पुसलेल्या कठड्यात बघून नवे डॉक्टर केस सारखे करायचे आणि त्यांना ‘आरसा मावशी’ म्हणून चिडवायचे. “ओल राहिली तर ते पुसणं नाही, भिजवणं झालं,” हे त्या कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या.

महिन्याभरात इथल्या चार पेशंटमध्ये एकच जंतू सापडला होता, कुठल्याच औषधाला दाद न देणारा. बेसिनपासून नळ्यांपर्यंत सगळं तपासून झालं. शेवटी पुसून झालेल्या बेडवर कापसाचा बोळा फिरवून नमुने घेतले, तर तिथेही तोच निघाला.

सिस्टरने बाटली पुढे धरली. लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी, त्यात इंग्रजी. हे औषध ओलं असतं तोवरच जंतू मारतं, तिने समजावलं. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. लगेच टिपून घेतलं की जंतू अर्धेमुर्धे जगतात, आणि तेच फडकं त्यांना पुढच्या बेडवर नेतं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मावशींना बरं वाटलं असतं.

तीन वर्षांपूर्वी हे औषध आलं तेव्हा सुपरवायझरने एका बादलीला दोन झाकणं एवढंच सांगितलं होतं. मिनिटांचं कोणी बोललं नव्हतं. पण मावशींनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

गेल्या वर्षी याच सात नंबरवर त्यांचे यजमान होते. आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना ऑपरेशन थिएटरमधून आणायच्या आधी मावशींनी इनचार्जला विनवून हा बेड स्वतः तयार केला होता. त्या माणसाला गारवा अजिबात सोसायचा नाही. घरी टॉवेल जरा दमट असला तरी कुरकुर. म्हणून मावशींनी गादी, कठडे, टेबल सगळं दोन-दोनदा कोरडं केलं होतं. चौथ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांनी तीनदा औषधं बदलली. एकोणिसाव्या दिवशी सगळं संपलं. “आई, तू होतीस म्हणून बाबांची आबाळ झाली नाही,” लेक म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मावशींनी वर्ष काढलं होतं.

“सिस्टर, मागच्या वर्षी आमचे हे होते इथे. तेव्हाही हाच जंतू होता का?”

सिस्टरने हातातली फाइल मिटली. मग रेकॉर्ड बघावं लागेल म्हणाली.

“बघा,” मावशी म्हणाल्या.

दुपारी ती परत आली. “तोच होता. पण मावशी, तो कुठून आला ते आता सांगता येणार नाही. कुणाच्या हातातून, नळीतून, नळातून, कुठूनही आला असेल.”

“म्हणजे फडक्यातूनही.”

सिस्टरने नजर चुकवली नाही. “हो. फडक्यातूनही.”

मावशींनी मान हलवली. रडू येईल म्हणून त्या वाट बघत राहिल्या, पण आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचीच त्यांना भीती वाटली. तेवढ्यात लेकीचा फोन आला, जेवलीस का म्हणून. सांगावं असं ओठांवर आलं, पण त्या फक्त “हो” म्हणाल्या. डबा तसाच होता.

चार वाजता सात नंबरसाठी नवा पेशंट आला. बेड पुन्हा एकदा पुसून मावशी पायथ्याशी उभ्या होत्या. स्ट्रेचर दारातच अडलं. “मावशी, मारा की एक फडकं पटकन,” डॉक्टर म्हणाले.

“अजून सहा मिनिटं, साहेब.”

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

स्ट्रेचरला धरून पेशंटची बायको उभी होती. नवऱ्याच्या अंगावरची चादर तिने गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. ती हळूच म्हणाली, “पुसून घ्या ना हो जरा. ह्यांना गारवा सोसत नाही.”

मावशींचा हात कमरेकडे गेला. तिथे फडकं नव्हतं. सकाळीच त्यांनी ते कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं होतं.

“आपला आपण वाळू दे, ताई,” त्या म्हणाल्या. “मी आहे इथेच.”

मग हात पाठीमागे बांधून त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. कठडा अजून ओला होता. त्यात कुणाचंच तोंड दिसत नव्हतं.