बोअरचं पाणी

“काऊन बे वहाब, नालेचा खिया मासात ठोकला तुनं! बैल पाय टेकवून नाही राह्यला.”

जानरावांनी अंगणातच आवाज चढवला. वहाबनं बैल आडवा पाडला, नाल उपटून काढली, खूर अंगठ्यानं दाबून पाहिला. पू नाही, जखम नाही.

“खूर साफ हाय, भाऊ.”

“मंग लंगडते कायले?”

वहाबनं बाकीचे खूरही दाबून पाहिले. तेही साफ. डोणगावजवळच्या त्या गावात बैलांना नाल ठोकायचं काम बापापासून त्याच्याच घरी. पण त्या उन्हाळ्यात बैलामागून बैल लंगडू लागले आणि लोक दुसरबीडचा नालबंद बोलावू लागले. बायको राबियानं विचारलं, “हात तं नाही कापत तुमचा?” वहाबनं हात समोर धरून पाहिला. कापत नव्हता, पण शंका मनात बसली ती बसलीच.

लाळ-खुरकत रोगाची लस टोचायला जनावरांच्या डॉक्टर शैलजाबाई गावात आल्या, तेव्हा वहाब स्वतःच जानरावांकडे गेला. “चला, बैल बाईले दाखवू. माही चूक असन तं तिथंच सांगा सगळ्यायले.”

बाईंनी खूर पाहिला, बरगड्या चाचपल्या, मग बैलाचं तोंड उघडलं. दात तपकिरी, खड्डे पडलेले, हिरडीपर्यंत झिजलेले.

“पाणी कुठलं पाजता?”

“बोअरचं. विहीर आटली तवापासून.”

“आणि चारा?”

जानराव घुटमळले. बीटी बियाणं आल्यापासून शेतात सगळी कपाशीच. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबाही गेला. “भुसा-कुटार,” ते म्हणाले. “भेटन ते.”

“पाण्यात फ्लोराइड असणार. ते दातांत, हाडांत साठतं, मग हाडं दुखतात आणि बैल लंगडतो. त्यात खुराकात कॅल्शियम, खनिजं कमी पडली की जास्तच बाधतं. नाल ठोकण्याचा काही संबंध नाही.”

“बरा होईन?”

“झिजलेले दात परत येत नाहीत. पण गोऱ्हे वाचतील. त्यांना तलावाचं पाणी द्या, खुराकात खनिज मिश्रण घाला.”

जानराव वहाबकडे न बघता बैल घेऊन निघून गेले.

पाणी तपासून आलं. बाईंचं खरं निघालं. लोक पुन्हा वहाबला बोलवू लागले. तो जायचा, पण लंगड्या बैलाला नाल ठोकायला नाही म्हणायचा. “याचं हाडच दुखते, भाऊ. ठोका तिथंच बसन.” काम पूर्वीसारखं राहिलं नाही. राबियाला तो एवढंच म्हणाला, “हात चांगला हाय माहा,” आणि जेवायला बसला.

एका सकाळी जानरावांनी त्याला रस्त्यावरून हाक मारली. गोठ्यात जनकाबाई, त्यांची बायको, शिजवलेल्या कण्यांत खनिजाची भुकटी कालवत होती.

“बस, वहाबभाऊ,” जानराव म्हणाले. दोघं गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकले.

बैलानं तलावाच्या पाण्याला तोंड लावलं आणि झटक्यानं मान मागे घेतली. गार पाणी दातांना झोंबलं होतं. जानराव उठले, चुलीवरचं ऊन पाणी आणून बादलीत ओतलं. आत हात बुडवून पाहिला, मग बादली बैलापुढे सरकवली.


बैल सावकाश पिऊ लागला. पिऊन होईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.