गाडीच्या अंघोळीचं पाणी

“गाडीला देवी आल्यात काय हो?” वळसंगहून मुलगी बघायला आलेल्या म्हाताऱ्याने काळ्या अँबॅसॅडरच्या बॉनेटवरून बोट फिरवत विचारले, आणि फाटकाशी जमलेली सगळी मंडळी हसली. गाडीचे मालक शरणप्पाही हसले. हसला नाही तो एकटा रामहरी ड्रायव्हर. गाडीभर उठलेले ते पांढरे ठिपके त्याने रोज धुऊन धुऊनच कमावले होते.

मुलगी पसंत पडली. नवी पेठेतल्या आपल्या दुकानात कापड फाडावे तसा शरणप्पांनी लगेच निकालही फाडून दिला: लेकीची, रुद्राणीची, पाठवणी शेजारच्या डॉक्टरांच्या फियाटमधून. अँबॅसॅडर मागून येईल, म्हाताऱ्या आणि ट्रंका घेऊन. रामहरीला मूलबाळ नव्हते. रुद्राणीला पहिल्यांदा शाळेत सोडले ते त्याने, आणि फाटकाशी ती रडत राहिली म्हणून शाळा सुटेपर्यंत गाडी तिथेच उभी ठेवणाराही तोच. तिला सासरी आपणच पोचवायचे, हे त्याने मालकांना न विचारताच ठरवून टाकले होते.

फियाटसुद्धा काळीच होती, आणि तिच्यावर एक ठिपका नव्हता. दोन्ही घरांत मिळून आड एकच. पाणी असे जड की त्यात डाळ शिजत नसे. मग त्याच पाण्याने डॉक्टरांच्या ड्रायव्हरची, विरुपाक्षाची, गाडी आरशासारखी कशी? रामहरीचा पहिला संशय गेला बॅटरीत घालायच्या विकतच्या शुद्ध पाण्यावर. पण तेवढे पाणी डॉक्टरांच्या बापालाही परवडले नसते. तेव्हा विरुपाक्ष पाणी गाळत असणार, असे त्याने ठरवले. हेवा करणाऱ्याला पुरावा लागत नाही, शेजार पुरतो.

घरातली तिवई अंगणात आली. वरच्या मडक्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात थेंब थेंब उतरणारे पाणी. वच्छला, त्याची बायको, तोंडाला पदर लावून बघत राहिली.

“मला लगीन झाल्यापासून गढूळ पाजलं,” ती म्हणाली, “आन् ह्या सवतीला गाळून घालताय.”

“गप बस. तुला गाडीचा बी हेवा.”

“व्हय, मलाच की. पर ह्या पान्यात बी डाळ शिजंना, मी बगितलं घालून.”

रामहरीने ते ऐकले आणि बाईच्या मत्सरात जमा केले. गाळलेले पाणी घेऊन तो रोजच्यासारखा फाटकाबाहेर रस्त्यावर गाडी धुवायला गेला. धुणे लोकांनी बघावे म्हणून तो नेहमी उन्हे चांगली चढल्यावर धुवायचा. ओळखीचा कुणी गेला की बादली उंच धरायची, फडका झटकायचा, मग बाजूला उभे राहून गाडी सुकताना बघायची. त्या दिवशीही ती सुकली. ठिपके जसेच्या तसे.

शेवटी त्याने टाचा उंचावून भिंतीवरून बघितले. विरुपाक्ष कडुनिंबाच्या गर्द सावलीत फियाट धूत होता. पाणी थेट आडाचे. एक दार धुवायचा आणि त्यावर थेंब वाळायच्या आत धोतराच्या कोरड्या फडक्याने पुसायचा.

“अण्णा, भिंतीवरनं काय बघताय? या की हिकडं,” विरुपाक्ष म्हणाला. मग न विचारताच त्याने सांगून टाकले: “पाण्याचं काय नाही. उन्हात वाळू द्यायचं नाही. न्हालेल्या लेकराला तसंच सोडतं काय कुणी? जुन्या डागाला लिंबू चोळा.”

रामहरीला झोंबले ते हेच. विरुपाक्षाने लपवले असते, तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढचे दिवस त्याने मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत, कुणी बघत नसताना गाडी धुतली. दार धुवायचे, दार पुसायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी बॉनेटमध्ये अख्खे आभाळ दिसू लागले. शरणप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मान डोलावली आणि म्हणाले, “आता शोभतेय. पण डॉक्टरांना शब्द दिलाय रे, रामहरी.”

पाठवणीला फियाट फुलांनी मढली. रुद्राणी आईच्या मिठीतून सुटेना. रामहरी अँबॅसॅडरच्या डिकीत ट्रंका रचत होता, वर बघत नव्हता. तेवढ्यात विरुपाक्षाने त्याच्या हातावर किल्ली ठेवली.

“पोरगी तुमची हाय. तुमी फियाट घ्या. तुमची गाडी मी आणतो.”

एवढे मोठे मन या माणसाकडे आले कुठून, याचा हेवा करायलाही वेळ नव्हता. रामहरीने किल्ली घेतली.

डांबरी रस्ता संपून वळसंगचा मुरमाड रस्ता लागला. मागे बसलेली रुद्राणी रडून थकली होती. रामहरीने आरशात बघितले. तिच्या पदरापलीकडे मागून अँबॅसॅडर येत होती, काळीभोर, एक ठिपका नसलेली, आणि तिच्या स्टिअरिंगवर विरुपाक्ष असा बसला होता, जणू गाडी जन्मापासून त्याचीच.

रामहरीने वेग अगदी कमी केला.

“मामा, येवढं हळू का?” रुद्राणीने विचारले.

“रस्ता खराब हाय, बाळ,” तो म्हणाला, आणि मागच्या गाडीवर धूळ उडू नये अशा बेताने फियाट चालवत राहिला.