जांभळी पट्टी

मंगळवार, ११ ऑक्टोबर १९८८. सकाळी सव्वादहाला नवापूरच्या मंजुळाने तारापूरच्या औषध कारखान्यात मॅनेजरच्या टेबलावर बादली ठेवली. बादलीत कारखान्याच्या नाल्याच्या मुखाजवळचं गढूळ पाणी होतं आणि एक जिवंत, काटेरी शिंगाळा मासा.

“सायेब, पाणी साफ हाय असा तुमीच लिवून दिलाव ना? मग मासा उचला.”

दारात कामगार जमले होते. “साहब, काँटा है, हाथ मत डालो,” एक जण म्हणाला.

“सायबाला बायकोन सोललेलाच मासा ठावा,” मंजुळा म्हणाली.

कोणीतरी हसलं. मॅनेजरने घड्याळ काढून हात घातला. काटा तळहातात शिरला. मंजुळा बादली घेऊन निघून गेली.

महिन्यापूर्वी तिचा नवरा पुंडलिक याच्या हातात असाच काटा गेला होता, त्याच पाण्यात. पालघरला पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. हात काळा पडला. नवव्या दिवशी तो गेला.

सातपाटीचा कमलाकांत पालघरच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याने पुंडलिकच्या पुवातले जिवाणू वाढवले, नाल्याच्या चिखलातलेही. पेनिसिलिन, स्टार्च आणि आयोडीन लावलेली जांभळी पट्टी दोन्हींवर ठेवली. दोन्ही पट्ट्या पांढऱ्या झाल्या, म्हणजे जिवाणूंनी पेनिसिलिन मोडलं होतं.

“वयनी, हे जंतू एक एंझाइम सोडतात,” तो म्हणाला होता. “औषध त्यांना मारायच्या आत ते औषधच मोडतात. कारखान्यातून नाल्यात रोज थोडं पेनिसिलिन येतं. ज्यांच्याकडे एंझाइम नाही ते मरतात. उरतात ते हे.”

“म्हणजे कारखान्यानं पोसलं यांना.”

“कोर्टात सिद्ध नाही होणार.”

“कोरटात कोण जातंय?”

गुरुवारी मॅनेजरला तापात पालघरच्या दवाखान्यात आणलं. खांद्यापर्यंत सूज होती. पेनिसिलिन सुरू झालं. हाताचा पू तपासायला कमलाकांतकडेच आला.

आज शनिवार. त्याने वाढलेल्या जिवाणूंवर पट्टी ठेवली आहे. पांढरी झाली तर औषध बदलावं लागेल. डॉक्टरांचा माणूस निरोपासाठी दारात उभा आहे. बाकावर मंजुळा बसली आहे.

“पांढरी झाली तं पयला मला सांग,” ती हळूच म्हणाली. “दारातल्याला उद्या सांग.”

कमलाकांत पट्टीवर वाकला आहे. अकरा वाजून चार मिनिटं झाली आहेत. पट्टीच्या एका कडेचा रंग उतरू लागला आहे.