मावशीची मान

"थांब ताई. घाई करू नकोस. दोन फटके खाऊ दे तिला, मग बघ."

हे वाक्य रोज सकाळी माझ्याकडे येतं. मला भास होत नाहीत, तसलं काही नाही. पण दिवा लावून, माळ ओढून झाली की मी धाकटीचा फोन हातात घेते, आणि अंगठा पडद्याला टेकायच्या आत ते येऊन माझ्या खांद्यामागे उभं राहतं. थोडं कंटाळलेलं, थोडं लाडातलं. तिचंच.

धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला जाऊन सोळा महिने झाले. शेवटच्या आठवड्यात, रुग्णालयाच्या खाटेवर उशीला टेकून तिने मला तिचा खेळ शिकवला. तीन राक्षसी प्राणी आपले, तीन समोरच्याचे, आणि आळीपाळीने एकेक चाल. तिच्या तिघांना नावं तिनेच दिलेली. अंगातून सारखं पाणी ठिबकणारा साप म्हणजे नळ. दुसऱ्याच्या शंखात घुसून न निघणारा खेकडा म्हणजे भाडेकरू. आणि टेकडीएवढी कासवीण ती मावशी. मावशीच का, असं विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचं ऐकून घेते, सगळं सहन करते आणि मग एकदाच असं बोलते, की समोरचा महिनाभर तोंड दाखवत नाही."

मावशीची करामत तीच होती. दोन फटके पाठीवर साठवायचे आणि तिसऱ्या चालीला दुप्पट करून परत द्यायचे. त्यासाठी फक्त थांबता यायला हवं. "आणि थांबण्यात तुझा हात कोण धरणार," असं म्हणून धाकटी हसली होती. हसताना तिला धाप लागली.

मग तिने माझ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. रोज एक लढत खेळायची, कमी नाही, जास्त नाही. "आणि मावशीला उगाच मार खायला लावू नकोस. खायचा तो कामाचा मार. वचन दे." सुई टोचलेला हात सोडून दुसऱ्या हातावर मी माझा हात ठेवला.

रोज का, तेही तिनेच सांगितलं. आपण खेळत नसतो तेव्हा आपली सावली खेळते. मालकाच्या शेवटच्या पाचशे लढती बघून खेळ ती सावली घडवतो. हा कधी थांबतो, कधी चिडतो, कधी माघार घेतो, ते सगळं तिच्यात उतरतं. कुठलाही खेळाडू दिवसभरात कधीही तिच्याशी लढू शकतो. महिनाभर मालक फिरकला नाही, तर सावली पुसून टाकतात. मला त्यातलं एवढंच कळलं, की मी रोज आले तर धाकटीचं काहीतरी कुठेतरी चालू राहील. मी ते व्रतासारखं धरलं. तापात खेळले. ज्या दिवशी तिचं कपाट रिकामं केलं, त्या दिवशीही खेळले.

तीन आठवड्यांपूर्वी खेळ करणाऱ्यांनी नियम बदलले. कासवीण सगळ्यांना फार भारी पडते अशी ओरड होती म्हणे, म्हणून तोल सारखा केला. आता मावशी एकच फटका साठवते. दुसरा नुसताच लागतो. ती सूचना मी दोनदा वाचली, मला समजलीही. तरी दुसऱ्या दिवशी मी दोन फटक्यांसाठीच थांबले. जे जसं सांगितलंय ते तसंच करायचं, इतकंच माझ्या डोक्यात. एकवीस दिवसांत एकोणीस वेळा हरले. उपासाला भूक लागते तशी ती हार मी सोसली. त्यात थोडं पुण्यही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मी दातांच्या कवळ्या करणाऱ्या कारखान्यात काम करते. मेणात दात बसवायचे, वरचा जबडा खालच्यावर मिटवायचा, मधे निळा कागद सरकवायचा आणि जिथे जास्त निळं उमटेल तिथे घासायचं. आमचे मालक म्हणतात, एका दाताला हात लावलास की समोरच्याची चौकशी करून ये. एकविसाव्या दिवशी दुपारी मी तेच करत बसले होते, तेव्हा औषधवाली आली.

समोरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असते ती. धाकटीची मैत्रीण. हा खेळ धाकटीला तिनेच लावला, आणि पुढे तीच धाकटीकडून हरायला लागली. डबा उघडून माझ्याशेजारी बसली, पण खाईना. एरवी मेणातले दात बघून ती हमखास विचारते, की ताई, आज कोण हसतंय. त्या दिवशी विचारलं नाही.

हळूहळू बोलली. गेले सोळा महिने ती रोज जेवणाच्या सुट्टीत धाकटीच्या सावलीशी एक लढत खेळते आहे. मला कधी सांगितलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून. सुरुवातीला सावली हुबेहूब धाकटी होती. जिंकायची खात्री झाली, किंवा समोरचा उगाच वेळ काढायला लागला, की मावशीला मान आत घेऊन बाहेर काढायला लावायची. त्या चालीचा काही उपयोग नाही, नुसता चिडवायचा प्रकार. धाकटी समोरासमोर खेळताना स्वतःही तशीच मान हलवायची. मला आठवलं. मी ती चाल कधी वापरली नव्हती, कारण मला कुणी सांगितली नव्हती.

"आता दहा-बारा दिवसांतून एखाद्या वेळी हलवते," औषधवाली म्हणाली. "बाकी सगळं खेळणं तुमचं झालंय, ताई."

मी हातातला निळा कागद खाली ठेवला. हिशेब सोपा होता. माझी रोजची एक लढत आत जायची आणि धाकटीची सगळ्यात जुनी एक बाहेर पडायची. फोनमध्ये आकडा होता तो पाहिला. मी खेळलेल्या चारशे अठ्ठ्याऐंशी. तिच्या उरलेल्या बारा. रोज सकाळी देवासमोरून उठून मी माझ्या हाताने तिची एकेक लढत पुसत आले होते, आणि वर समाधान मानत होते.

औषधवालीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिने त्यावरही विचार करून ठेवला होता. महिन्यातून एकदाच खेळायचं. सावली पुसली जाणार नाही, आणि त्या बारा लढती अजून वर्षभर पुरतील.

माझ्या मनाने लगेच होकार दिला. रोजचं व्रत मोडायलाही मी तयार झाले, इतकी. पण औषधवाली डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली होती. अजून काहीतरी होतं.

"एक सांगू? राग मानू नका. सध्या तिच्यावर झुंबड आहे. सावली जुन्याच नियमाने खेळते ना. पहिला फटका खाते, दुसरा खाते, आणि तिसऱ्या चालीची वाट बघत बसते. तोवर लोक तिला लोळवतात. फुकटची जीत म्हणून एकमेकांना पत्ता देतात तिचा. काल एका दिवसात साठ जण येऊन गेले."

साठ. मी सकाळी माळ ओढत होते तेव्हाही कुणीतरी मावशीला मारत असेल, ही गोष्ट माझ्या मनात कधी आलीच नव्हती. मी रोज एकदा हरून उठत होते. ती उठत नव्हती.

मी म्हटलं, मला तिच्याशी लढू दे. औषधवालीने तिचा फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर पलीकडे मावशी उभी राहिली. वर धाकटीने लिहिलेलं तिचं लाडाचं नाव. मी तिला नेहमी मागून पाहिलेलं, तिच्या पाठीवरून. समोरून प्रथमच पाहत होते. डोळे लहान, किंचित मिटलेले. माझी चाल होती आणि मला फटका मारवेना, म्हणून मी थांबले. मग तिची चाल आली. तीही थांबली. पुन्हा मी, पुन्हा ती. कारखान्यात घासण्याचं यंत्र कुणीतरी बंद केलं होतं आणि डब्यांचे आवाजही थांबले होते. चौदा चाली झाल्या, वीस झाल्या. प्रत्येक थांबण्यात मला माझीच सवय दिसत होती. मणी सरकवावा तसा माझा तो अंगठ्याचा वेळ, अगदी तेवढाच. मी माझ्याचसमोर बसले होते, आणि माझ्यामागे कुठेतरी ती होती. हात लावायचा तरी कुठे?

सत्ताविसाव्या चालीला मावशीने मान आत घेतली. आणि बाहेर काढली.

औषधवालीचा हात माझ्या दंडावर आवळला. मला स्पष्ट वाटलं, की आता ती म्हणेल, काय गं, बसलीस की नाही वेळ काढत. पण पुढची चाल पुन्हा थांबण्याचीच होती, म्हणजे माझी. चाळीस चाली संपल्या आणि खेळाने बरोबरी झाल्याचं सांगितलं.

"अशी बरोबरी मी जन्मात पाहिली नाही," औषधवाली पुटपुटली.

मी पदराने फोनची काच पुसून तिला परत दिला. मग विचारलं, नव्या नियमात मावशीला कसं खेळवतात. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, एक फटका झाला की लगेच द्यायचा, आणि दुसरा नळावर घ्यायचा. अवघड नाही, पण थांबायची सवय मोडावी लागेल. आणि सावलीने ते उचलावं म्हणून रोज खेळावं लागेल. रोज खेळलात तर बारा दिवसांत...

"हो," मी म्हटलं. "बारा दिवसांत ती जाईल."

"मग मान तरी हलवत जा ना तुम्ही. सावली शिकेल."

"ती मान तिची होती गं. मी हलवली तर ती नुसती नक्कल. लोक हसतील, आणि मलाही ती दिसेनाशी होईल." निळा कागद पुन्हा उचलत मी म्हटलं, "मार खाऊ देणार नाही, असं वचन दिलंय मी. तिची आठवण जपून ठेवीन असं नव्हतं तिने मागितलं. ते माझं मीच वर जोडलं."

तिने डबा बंद केला. सकाळी आठला दुकान उघडते, त्याआधी अर्धा तास या, शिकवते, म्हणाली. जाता जाता मेणातल्या दातांकडे पाहून तिने विचारलं, की ताई, आज कोण हसतंय. मी तिला खालच्या ओळीतला, घासून बसवलेला दात दाखवला.

त्या रात्री मला झोप लागली. सकाळी दिवा लावला, माळ ओढली. फोन हातात घेतला, आणि ते आलंच, खांद्यामागे, वेळेवर. थांब ताई. घाई करू नकोस.

मी वळून पाहिलं नाही. तसं कधीच पाहत नाही. म्हटलं, अगं, आता नाही थांबायचं, नियम बदललाय. तुला सांगायचं राहिलं.

खोलीत काही हललं नाही. दिव्याची ज्योत सरळ होती. फोन स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, तिच्या खाटेवरची चादर उगाचच एकदा ओढून सरळ केली. चपला हातात घेऊन दारापर्यंत गेले, कुणी झोपलेलं असावं तशी. मग उंबऱ्याबाहेर त्या पायात सरकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.