सैल तंग

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. पाठ खचली आहे, दात झिजले आहेत आणि माझ्या पाठीवर आता माश्यांखेरीज कुणी बसत नाही. पण एके काळी डोंगरवाटेवर माझ्याइतकी पायाची पक्की दुसरी नव्हती, असे माझी मालकीण सगळ्यांना सांगायची. माझी आई गेल्यावर तिनेच मला बाटलीने दूध पाजून वाढवले. शहरातल्या पाहुण्यांना ती घोड्यांवरून जंगलात खोलवर न्यायची. त्यातला घाबरट पाहुणा ठरलेला माझ्याच वाट्याला यायचा.

एका वर्षी दोघे डॉक्टर भाऊ आले. बरोबर धाकट्याची बायको होती. थोरल्यांना घोड्याची सवय नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आले. तसा स्वार मला पुन्हा मिळाला नाही. कुठेही उतरले, की माझ्या पोटाखालून आवळलेला खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, ते आधी सैल करायचे. जरा श्वास घेऊ दे बिचारीला, असे म्हणत भावजयीलाही तिच्या घोड्याचा तंग सैल करायला लावायचे. तिला ते धाकटी बहीणच मानत.

भावाभावांचे मात्र बिनसले होते. धाकट्याने दारूच्या नशेत शस्त्रक्रिया केली होती आणि एक बाई दगावली होती. परतल्यावर तू कबूल कर, नाहीतर मला सांगावे लागेल, असे थोरले त्याला समजावत होते. इतरांना मुक्कामाच्या तंबूंपाशी सोडून दोघे बरेच पुढे निघाले होते. ऐकायला आम्हा घोड्यांखेरीज कुणी नव्हते. कड्यापाशी थोरले उतरले, त्यांनी माझा तंग सैल केला आणि दरी न्याहाळत उभे राहिले. धाकट्याने मागून येऊन त्यांना ढकलले. मग चाबकाचा फटका मारून मला पिटाळले.

मी तंबूंपाशी पोहोचले. मागोमाग तो रडत आला. घोडी बुजली आणि तिने दादाला दरीत फेकले, असे त्याने सांगितले. मला सगळे ठाऊक होते, पण सांगणार कसे? स्वाराचा जीव घेणारे जनावर आमच्या धंद्यात ठेवत नाहीत. मालकिणीने बंदूक आणली खरी, पण माझ्या मानेवरचा तिचा हात निघता निघेना.

"थांबा," भावजय म्हणाली. "निदान पाठीवरचं ओझं तरी उतरवू द्या तिच्या."

डोळे पुसत तिने माझ्या पोटाखाली हात घातला. हात तिथेच थबकला. मग ती हळूच नवऱ्याकडे वळली.

"तंग सैल आहे. दादा खाली उतरले होते. मग हिनं पाडलं कुणाला?"

तो एवढेच म्हणाला, "तू माझी बायको आहेस."

"म्हणून तर तुलाच विचारतेय. काय केलंस दादांना?"

पुढे पोलिसांजवळ त्याने सारे कबूल केले.

भावजय डोंगर उतरली ती माझ्यावर बसूनच. दीर गेला होता, नवराही गेल्यातच जमा होता. माझ्या आयाळीत तोंड खुपसून ती वाटभर रडली. मी जन्मात कधी टाकली नव्हती इतकी जपून पावले टाकली.

मित्रांनो, आम्हा मुक्यांवर आळ घेणे फार सोपे असते. आम्ही कधी नाही म्हणत नाही. तुमच्यावर एखाद्या जनावराला शिक्षा करायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या जवळ जा, अंगावरून हात फिरवा. त्याला जे सांगता येत नाही, ते कदाचित तुमच्या हाताला लागेल.